मायचा तोंडवळा

कोणाच्याही घरी बाळ झालं की शेजारचे काका हात धुऊन पाळण्यापाशी हजर. बाळाची हनुवटी एका बोटाने उजेडाकडे वळवायची, डोळे बारीक करायचे आणि निकाल द्यायचा, "मायवर गेली पोट्टी. वाचली!"

बाप शेजारीच उभा असायचा. त्याला काय वाटत असेल, हा प्रश्न काकांना कधी पडला नाही. माझ्या मुलीच्या वेळी मी चिडून विचारलं, "वाचली म्हणजे काय हो?"

"तुमचं नाही बोलून राहिलो, भाऊ. आमच्या घरची सवय आहे."

काकांचे वडील किडनीने गेले, मोठा भाऊही. दोघांच्या किडन्या पाण्याने भरलेल्या गाठींनी व्यापल्या होत्या. दोघांचं तोंड एकच, रुंद कपाळ आणि बसकं नाक. काकांचंही तेच. आईच्या वळणाची बहीण मात्र गोंदियाला ठणठणीत. झालं, घराण्याचा सिद्धांत तयार. रेल्वेतून निवृत्त होताहोता काकांचं डायलिसिस सुरू झालं, तेव्हा ते जवळजवळ ऐटीत म्हणाले, "पाहा, म्हटलं नव्हतं?" तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. स्वतःचं दुखणंसुद्धा पुरावा म्हणून दाखवतात.

मुलगा हुबेहूब बापासारखा. त्याला ते दरवर्षी पंडरीच्या दवाखान्यात सोनोग्राफीला ओढत न्यायचे. रिपोर्ट चांगला आला तरी समाधान नाही. "अजून वेळ आहे त्याले." थोरली मुलगी आईसारखी, नाजूक जिवणीची. तिची तपासणी कधीच केली नाही. "तिले काहून? तिचं तोंड पाहा ना!"

किडनी बदलायची वेळ आली. काकूंना मधुमेह. मुलगी पुढे झाली, "बाबा, मैं दूँगी ना." आमच्या हिंदी मुलखातली पोरं मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. काका खुशीत. "मायची किडनी आहे ते. लय चालन!"

तिच्या सोनोग्राफीला मी सोबत होतो. आतलं काम लवकर आटपायला हवं होतं. आटपेना. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि आणखी एका डॉक्टरला घेऊन आत गेल्या.

मुलीच्या दोन्ही किडन्यांत गाठी होत्या. बाईंनी समजावलं, हा दोष बापाला असला की प्रत्येक मुलामुलीला निम्मी शक्यता असते. चेहऱ्याशी त्याचा काही संबंध नाही. काका मुलीकडे पाहतच राहिले.

"पण तोंड तर मायचंच आहे ना?" त्यांनी विचारलं.

मग मुलाची जनुकीय तपासणी झाली. तो निर्दोष निघाला, रक्तगटही जुळला. "मेरी ले लो, बाबा."

"नाही. तुही किडनी राहू दे. तिले लागन."

बाईंनी सांगितलं, मुलीला अजून पुष्कळ वर्षं आहेत, कदाचित लागणारही नाही. काकू जेवेनात. मी भांडलो. मुलीने तर पाय धरले. काका एवढंच म्हणाले, "तिले मी कधी तपासलं नाही." मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही येतो.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

मुलगा उरल्याच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये आहे. पूर्वी ट्रकांच्या मधून मोटरसायकल काढायचा. आता कडेकडेने, सायकलवाल्यांच्या मागून जातो. परवा मी चिडवलं, "काय रे, बुढा झाला का?"

त्याने हेल्मेटचा पट्टा आवळला. "भैया, एक दीदी की है ना."