साबणाच्या पाण्यावरचे मास्तर

चालकाच्या शेजारी बसलेले मास्तर त्याच्या गुडघ्यावर दोन बोटांनी टकटक करायचे. "पाय काडा की आदी!" गाडी घसरली की माणूस घाबरून ब्रेक दाबून धरतो. बस चालवण्यात आयुष्य गेलेल्या मास्तरांना हे पुरतं ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर ते सोलापूरबाहेरच्या एका बंद सूतगिरणीच्या आवारात दर रविवारी सकाळी गाडी सावरायला शिकवत. सिमेंटच्या जमिनीवर टँकरचं पाणी सोडायचं, त्यात कपडे धुण्याची पावडर टाकायची. शिकणाऱ्याने त्या फेसात आपली गाडी मुद्दाम घसरवायची आणि ब्रेक न दाबता, जायचं तिकडे नजर ठेवून सरळ करायची. त्या रस्त्याने गेला असाल, तर गोल फिरणारी गाडी तुम्हीही पाहिली असेल आणि आतला आरडाओरडा ऐकला असेल.

मी त्यांच्यावर आमच्या दैनिकात लिहिलं. मथळा मीच दिला होता: 'गाडी घसरली? आता भीती नको!' पुढच्या रविवारी फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागली.

त्या रांगेत मैंदर्गीचा एक तिशीतला बियाण्यांचा व्यापारी होता. उसाच्या ट्रॅक्टरांनी डांबरावर आणलेल्या चिखलात त्याची गाडी एकदा गरकन फिरली होती. तेव्हापासून बायको त्याला एकटं सोडत नव्हती. शिकवणी चालू असताना ती फाटकाशी उभी राही. चार रविवारांत तो सगळ्यांच्या पुढे गेला.

"मास्तर, आता चिखलात ऐंशीनं वळलो तरी भ्याव वाटंना बघा."

"तुमी तर मलाच शिकवाल की!"

सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर बायको सोबत येईनाशी झाली.

गाळप हंगामात त्याच्या मृत्यूची बातमी माझ्याच टेबलावर आली. मास्तरांनी अपघाताची जागा बघायची म्हटलं, म्हणून मी त्यांना घेऊन गेलो. चिखलातल्या चाकांच्या खुणांवर वाकून ते चालत राहिले. वळणावर खुणा आडव्या गेल्या होत्या, मग पुन्हा सरळ झाल्या होत्या. त्या सरळ खुणा एका लहान पुलाच्या कठड्याशी संपत होत्या.

"ब्रेक दाबला न्हाय," मास्तर म्हणाले. "गाडी सावरली हाय बघा. समदं शिकवल्यावानी केलंय."

"मग?"

"रस्ताच उरला न्हाय की वो फुडं." ते कठड्यावर बसले. "भ्याला असता तर हळू आला असता. ते भ्याव मी काडलं."

मथळा माझा होता.

टँकर बंद झाला. जुनी बातमी वाचून लोक अजून माझ्याकडे त्यांचा नंबर मागतात. मी देत नाही.

दोनेक महिन्यांनी मी मास्तरांकडे बसलो असताना त्या व्यापाऱ्याची बायको आली. दुकान आता तिच्यावर होतं. मालाचा छोटा टेम्पो दारात पडून होता. तो चालवायला दुसरं कुणी नव्हतं.

"मला तुमीच शिकवा, मास्तर. दुसऱ्या कुणाकडं जायचं मला लई भ्याव वाटतंय."

भिंतीवर मास्तरांचा खाकी गणवेशातला फोटो होता, बसच्या दारात उभे असतानाचा.

"मला गाडी येत न्हाय, ताई," ते म्हणाले.

तिने फोटोकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. चहा अर्धाच ठेवून ती उठली. जिन्यावरचा तिच्या पावलांचा आवाज थांबेपर्यंत मास्तर दाराची कडी धरून उभे होते.