आईने विमानात दिलेलं उत्तर

"फायब्रॉइड आहे," मिरजेच्या डॉक्टरबाई सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली गाठ. बहुतेक वेळा ती कॅन्सरची नसते. तिच्यामुळे पाळीत खूप रक्त जाऊन आईला सिव्हिअर ॲनिमिया झाला होता, म्हणजे अंगात रक्त फारच कमी उरलं होतं.

"एवढं जात होतं, तरी कुणाला बोलल्या नाहीत?" त्यांनी विचारलं.

आई बोलली होती. एकदाच, विमानात. ते कसं घडलं ते लिहिते. मला नीट जमेल की नाही माहीत नाही, पण कुणाच्या घरी अशी आई असेल तर उपयोग होईल.

आमचं गाव आटपाडीकडचं. घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. दादा फौजेत आहे, सध्या दिल्लीला. त्याच्या मुलीचं बारसं करून आई आणि मी विमानाने पुण्याला परत येत होतो. आई बाथरूमला जायला उठली आणि सीटांमधल्या वाटेतच खाली बसली, मग कलंडली. ओठ पांढरे पडले होते. मी नुसती "आई, आई" करत राहिले.

केबिन क्रूमधली एक ताई धावत आली. छातीवरच्या पट्टीवर अर्पिता असं नाव होतं. प्रवाशांत कुणी डॉक्टर आहे का, अशी घोषणा झाली. कुणी उठलं नाही. ताईने आईला तिथंच आडवं केलं, ऑक्सिजन लावला आणि डोक्याकडे रक्त जावं म्हणून पाय एका बॅगेवर उंच ठेवले. बीपी खूप खाली होतं.

आईने डोळे उघडले. पाय शेजारच्या सीटवरच्या आजोबांच्या गुडघ्याला लागत होते. तिने झटक्यात पाय ओढले, उठून बसली, पदर सावरला आणि पुन्हा बेशुद्ध पडली.

दुसऱ्यांदाही तेच झालं. "पाय लागत्यात त्यांना," ती म्हणाली.

"लागू द्यात की," आजोबा म्हणाले. "मी काय देव हाय व्हय?"

"आवं, तुमी वडीलधारं."

"मग वडीलधाऱ्याचं ऐका आन् पडून ऱ्हावा."

तरी आई उठायला बघतच होती. ताईने मला हिंदीत कारण विचारलं. मी सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "घर पे माँ के पैर दबाती हो ना? तो यहाँ बैठो."

मी वाटेत मांडी घातली, बॅग मांडीवर घेतली आणि तिच्यावर आईचे पाय ठेवून चेपत राहिले. आता आई पडून राहिली.

जमिनीवरचे एक डॉक्टर रेडिओवरून कॅप्टनमार्फत प्रश्न विचारत होते. विमान मध्येच उतरवायचं का, ते त्यांना ठरवायचं होतं. शरीरातून कुठून रक्त जातंय का, हा त्यातला एक प्रश्न. मी तो आईला मराठीत विचारला. आजूबाजूचे सगळे बघत होते.

"न्हाई," आई म्हणाली.

ताईने आईच्या तोंडाकडे पाहिलं. मग सोबतिणीला हाक मारली. दोघींनी दोन्ही बाजूंना पांघरुणं धरली आणि लोकांना समोर बघायला सांगितलं. "अब पूछो," ती म्हणाली.

मी परत विचारलं. आईने दोन्हीकडच्या पांघरुणांकडे पाहिलं.

"लय दिवस झालं. थांबतच न्हाई. कापड बदलायलाच उठले हुते."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुजी परीक्षा हुती."

ताईने ते लगेच कॅप्टनला कळवलं. बीपी थोडं सावरलं होतं आणि पुणंही जवळ आलं होतं, म्हणून तिथंच उतरायचं ठरलं. ॲम्ब्युलन्स तयार होती. उतरताना ताईने एक पांघरूण आईच्या कमरेला गुंडाळून दिलं. गडबडीत मी तिला धन्यवादही म्हटले नाहीत. ते आज म्हणते.

पुण्यात रक्त चढवलं. मिरजेला हिस्टरेक्टॉमी झाली, म्हणजे गर्भपिशवी काढण्याचं ऑपरेशन. गाठ कॅन्सरची नव्हती. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मात्र मला अजून आठवायला नको वाटतात.

आई आता बरी आहे. परवा माझी चुलती भेटायला आली. जिना चढतानासुद्धा दम लागतो, म्हणाली. आईने तिच्याकडे नीट पाहिलं.

"तुजी पाळी किती दिस चालती?"

चुलतीने बाहेर बसलेल्या माणसांकडे बघितलं.

आई उठली, दाराला कडी घातली आणि तिच्याजवळ येऊन बसली.

"आता सांग."