बक्षिसात मिळालेली प्रेमकथा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. देवभोळ्या प्रेमकथा मी वाचत होते, अजून वाचते आणि डोळे मिटेपर्यंत वाचणार आहे. त्याच त्या गोष्टी, ज्यांत मुलगी गुडघे टेकून प्रार्थना करते, मुलगा सुधारतो आणि शेवटी दोघं देवासमोर एकमेकांचा हात धरतात. आमच्याच समाजातले एक विद्वान गृहस्थ मला तोंडावर म्हणाले होते, "बाई, हे साहित्य नव्हे, हा साखरेचा पाक आहे." म्हटलं, असेल. ज्याच्या ताटात रोज गोड पडतं त्यानं पाकाला खुशाल नावं ठेवावीत.

माझं असलं पहिलं पुस्तक मला खुद्द आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी दिलं. वर्षभर रविवारची शाळा न चुकवल्याबद्दल बक्षीस म्हणून. आम्ही तेव्हा सोलापुरात, गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या आणि झोपणाऱ्या ख्रिस्ती वस्तीत राहायचो. आजोबा मोठ्या दुष्काळात मेंढरं मेल्यावर करमाळ्याकडून चालत शहरात आले आणि मिशनच्या आसऱ्याला राहिले. आप्पा गिरणीत मागावर होते. आई वळसंगची, मराठीत कानडी मिसळून बोलणारी. तिला अक्षर येत नव्हतं, पण स्तोत्रं तोंडपाठ होती. मी मिशनच्या शाळेत बालवर्गाची शिक्षिका व्हायला शिकत होते. लहान मुलांपुढे उभी राहून गाणी म्हणायची, रंगीत मणी ओवायला शिकवायचं. त्या कामात माझा जीव रमला होता.

पुस्तकाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर कुणीतरी शोधून काढून त्यातल्या चुका दाखवत बसेल. चुका होत्याच. मूळ गोष्ट कुठल्या तरी थंड मुलखातली. मराठीत आणणाऱ्यानं बर्फाचा रस्ता धुळीचा केला, चर्चमागच्या देवदारांचे लिंब केले, पण शेकोटी काढायची विसरला. त्यामुळं नायक भर चैत्रात बाहेरून यायचा आणि शेकोटीपाशी हात शेकत बसायचा. आम्ही सोलापूरची माणसं, चैत्रात कौलं तापून घराची भट्टी झालेली. त्या जागी वाकळ शिवणाऱ्या बायका इतक्या हसायच्या की सुया हातात टोचायच्या.

हो, शनिवारी दुपारी आमच्या दारात बायका वाकळ शिवायला जमायच्या आणि मी वाचून दाखवायची. पलीकडच्या गल्लीतली एक तेलुगू विणकरीण यायची. तिला आमच्या देवाचं काही नव्हतं, तिला फक्त लग्न होतं का नाही ते हवं होतं. प्रार्थनेचं पान आलं की ती म्हणायची, "ते सोड की बाई, फुडं काय झालं ते वाच." पण मी एक ओळ सोडायची नाही. कारण सगळी मजा तिथंच होती, आणि ती त्या विद्वान गृहस्थांना कधी कळणार नाही.

गोष्ट अशी. एका गावात शाळा चालवणारी मुलगी. तिच्यावर एका डॉक्टरचं मन जडतं. डॉक्टर चांगला, देखणा, पण गर्विष्ठ. तो टोपी काढून तिला विचारतो, माझ्याशी लग्न करशील का? ती म्हणते, देवाला विचारून सांगते. आणि मग ती खरंच विचारते, पानंच्या पानं. तोवर तो थांबतो. चिडतो, दूर जातो, आजारी पडतो, शहाणा होतो, पण थांबतो. शेवटी परत येऊन पुन्हा विचारतो आणि मग ती हो म्हणते.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आईची सुई थांबली.

"थांबला त्यो?"

"थांबला."

"किती दिस?"

"पुढचा पावसाळा येईपर्यंत."

"आनि तिला कुनी काय बोललं न्हाय?"

"नाही. देवाला विचारते म्हटल्यावर काय बोलणार?"

आई वाकळ आवरून चुलीकडे गेली, आणि दुसऱ्या शनिवारी म्हणाली, तेवढंच परत वाच.

आमच्यात मुलीनं नाही म्हणणं म्हणजे उद्धटपणा. पण 'देवाला विचारून सांगते' याला उत्तर नव्हतं. हे त्या पुस्तकानं शिकवलं, आणि पुस्तकावर क्रूस छापलेला, त्यामुळं ते कुणी चुलीत घालू शकत नव्हतं. प्रेमकथा म्हणून मिळाली असती तर आप्पांनी माझ्या हातात राहू दिली नसती. भक्तीच्या वेष्टनात आली म्हणून घरात आली आणि बसली. तिचं मोठेपण यातच आहे असं मी आजही भांडून सांगेन.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. केमला मिशनची शाळा होती, तिथले मास्तर. बायको वारलेली, दोन मुलं. माणूस चांगला, असं सगळे म्हणत, आणि खोटं कशाला बोलू, असेलही. मी त्यांना एकदाच, वार्षिक सभेत पाहिलं होतं. म्हणजे त्यांची छत्री पाहिली होती, तिच्याखाली ते होते. पाळकसाहेबांनी सुचवलं, आप्पांनी हो म्हटलं, आणि मला हे आईकडून भाकऱ्या थापताना कळलं. माझं शिक्षण निम्म्यात होतं. लग्नानंतर ते तिथंच राहणार होतं.

मी आप्पांना म्हटलं, "मला विचारलं नाही तुम्ही."

"पोरीला काय इचारायचं? देवाचीच विच्छा हाय."

"देवानं तुम्हाला सांगितलं, मग मला का नाही सांगितलं?"

हे वाक्य जसंच्या तसं पुस्तकातलं होतं. आप्पा म्हणाले, "तोंड लई सुटलंय तुजं," आणि चपला घालून बाहेर गेले.

मग मी पाळकसाहेबांकडे गेले. भला माणूस, प्लेगात आजाऱ्यांच्या उशाशी बसलेला, आणि तरी मला त्या दिवशी त्यांचा संताप आला. ते म्हणाले, "बाळ, मी तुला ते पुस्तक दिलं होतं ना? त्यातली मुलगी पाहा. शेवटी किती नम्रपणे लग्न करते."

"पण साहेब, आधी तिला दोनदा विचारलं जातं."

त्यांचा चेहरा पाहिला आणि मला सगळं उमगलं. ते बक्षिसाची पुस्तकं एकगठ्ठा मागवायचे आणि प्रत्येकाचं शेवटचं पान वाचायचे. शेवटी प्रार्थना असली की पुस्तक पास. वस्तीतल्या सगळ्या मुलींच्या हातात त्यांनी वर्षानुवर्षं काय देऊन ठेवलं होतं, ते त्यांना तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "वडिलांची आज्ञा पाळ. रविवारपासून नावं पुकारतो आहे."

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत नवरानवरीची नावं पुकारतात. त्यानंतर पाळक विचारतात, या विवाहाला कुणाची हरकत असेल तर त्यानं कळवावं. विचारतात म्हणजे वाचतात. पूर्णविरामापाशी कुणी थांबत नाही, कारण आजवर कुणी हरकत घेतलेली नसते. घ्यायचीच तर दुसऱ्या कुणीतरी, नवऱ्या मुलाची पहिली बायको जिवंत आहे वगैरे. पहिल्या रविवारी माझं नाव ऐकून मी बसूनच राहिले. घरी येऊन स्वतःवर इतकी चिडले की जेवले नाही.

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी नावं वाचली, हरकतीचं वाक्य वाचलं आणि गीताचा क्रमांक सांगायला तोंड उघडलं. मी उभी राहिले.

"माझी हरकत आहे."

बायकांच्या बाजूला बांगड्या वाजल्या. पुरुषांच्या बाजूला एक जण खोकला आणि खोकतच राहिला. पाळकसाहेबांनी चष्मा काढला. "नवरीला स्वतःच्या लग्नाला हरकत घेता येत नाही," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. तसा नियम होता की नव्हता ते त्यांनाही आठवेना.

"कुणाचीही हरकत असेल तर सांगा, असं तुम्ही वाचलंत. मी कुणी नाही का?"

"हरकतीला कारण लागतं."

"मला विचारलं नाही."

"तुझ्या वडिलांना विचारलं आहे."

"लग्न आप्पांचं नाही."

कुणीतरी हसलं. पदराचं टोक मी मुठीत इतकं आवळलं होतं की नखं उमटली. गुमान खाली बसावं असं वाटत होतं, आणि बसले असते तर पुढचं सगळं आयुष्य केमच्या घरात त्या एका बसण्याचा विचार करत काढलं असतं. पंचांतला एक वडीलधारा उठून म्हणाला, "पोरीची जात, खाली बस. हे कारण होत न्हाय."

तेव्हा चटईवरून आई उठली. उपासनेत स्तोत्राशिवाय तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"व्हतंय," ती म्हणाली. "कारन व्हतंय. तिला न्हाय इचारलं, ह्ये खरं हाय. मी साक्षीला हाय." मग तिनं पुरुषांच्या बाजूला, सरळ आप्पांकडे पाहिलं. "मलाबी कुनी इचारलं न्हवतं."

पाळकसाहेबांनी पुढ्यातला कागद घडी घालून बायबलात ठेवला आणि गीताचा क्रमांक सांगितला. गीत कुणी धड म्हटलं नाही.

तिसऱ्या रविवारी आमची नावं पुकारली गेली नाहीत. वस्तीत महिनाभर माझ्या नावानं शिमगा चालला. बक्षिसाची पुस्तकं पुढं मिशनच्या शाळेच्या मिससाहेब पूर्ण वाचून मगच मागवू लागल्या, आणि ती इतकी बेचव निघाली की मुलींनी रविवारची शाळा बुडवायला सुरुवात केली. केमचे मास्तर टोपी काढून मला विचारायला आले नाहीत. मी थोडी वाट पाहिली, यात लाजण्यासारखं काही आहे असं मला वाटत नाही. त्यांनी पावसाळ्याआधी दुसरीकडे लग्न केलं. म्हणून गोष्ट खोटी होती, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, त्याला मी त्या हरकतीच्या रविवारची संध्याकाळ सांगते.

आप्पांनी दिवसभर घराकडे पाठ केली होती. चार माणसांत बायकोनं असं बोलावं, हे त्यांना लागलं होतं. आई चुलीपुढं होती, मी कण्या निवडत होते. दिवेलागणीला आप्पा येऊन तिच्यापासून जरा लांब, उंबऱ्यावर बसले.

"इचारलं असतं," ते म्हणाले, "तर न्हाय म्हनली असतीस व्हय?"

आईनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "आदी इचारा तर."

"आता? ह्या वयात?"

"मग ऱ्हाऊ द्या."

आप्पा उठले. मला वाटलं, बाहेर जातील. ते आत आले, चुलीजवळ उकिडवे बसले, डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं, शनिवारी ते गिरणीत असायचे, पटका काढायचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शब्द जुळवत ते म्हणाले, "माज्यासंगं नांदायचं हाय का तुला?"

बावीस वर्षांचा संसार झालेला, आणि माझी आई मुलीसारखी लाजली. भाकरी करपायला आली तरी तिला उलटायचं भान राहिलं नाही. मग तिनं ती उलटली, जाळ मागं ओढला आणि मान वर न करता म्हणाली, "उंद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी गिरणी सुटल्यावर आप्पा वाटेत कुठंही न थांबता घरी आले.