डाव्या हाताचा आडोसा

पूनम सागर संकुलातल्या एका गाळ्यात एक गृहस्थ मराठी टायपिंग करायचे. तुरुंगच नकोत, असं म्हणणारं आमचं सायक्लोस्टाइल पत्रक निघायचं. त्यातल्या कैद्यांच्या गोष्टी मी लिहायचे आणि स्टेन्सिल ते टाइप करायचे. बसायचे कायम भिंतीला पाठ लावून. डबा चार घासांत संपवायचे, डाव्या हाताचा आडोसा धरून. पाणी प्यायला उठतानाही विचारायचे, "जाऊ का, ताई?" आपण आत राहून आलोय, हे त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं.

एका अंकाला गोष्ट कमी पडली. मी त्यांच्या याच सवयी लिहून काढल्या, नाव गाळलं आणि घाईघाईत कागद नेहमीसारखे त्यांच्याच हातात दिले.

त्यांनी न थांबता सगळं टाइप केलं. मग म्हणाले, "ताई, शिक्षा सात वर्षं लिहिलीय तुम्ही. नऊ होती. दुरुस्त करू का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "करा," मी म्हणाले.

अंकातली तीच गोष्ट लोकांना सगळ्यात आवडली. पुढेही ते आमचं काम करत राहिले. फक्त मी समोर असले की डबा अगदी सावकाश खायचे, डावा हात मांडीवर ठेवून.