नुसतं बी.ए.

आमच्या तालुक्याच्या छोट्या कला महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. आज तास संपवून बाहेर आले, तर रंगारी फाटकाच्या पाटीवर कॉलेजच्या नावाखाली लाल अक्षरांत 'अ दर्जा प्राप्त' असं रंगवत होता. माझ्या घराशेजारचे काका मान वर करून वाचत होते. त्यांची पुतणी रेश्मा माझ्याच वर्गात आहे. गेल्या वर्षी एका लग्नात त्यांनी तिला चारचौघांत विचारलं होतं, "नुसतं बी.ए.?" त्या एका 'नुसतं'पायी पोरीनं कॉलेजचं नाव सांगणंच सोडलं. वर्गात हीच रेश्मा प्रश्न विचारून मला घाम फोडते, पण ते बाहेर कुणाला दिसणार? ते पाटीवर थोडंच लिहिलंय! पेटीवर 'देवगड' छापलं की आतला कुठलाही आंबा गोड मानणारी माणसं आपण.

"वा मॅडम," काका म्हणाले, "आता शिकवणं सुधारलं म्हणायचं!"

माझं डोकंच फिरलं. तोच फळा, तेच बाक, तीच मी.

"शिकवणं होतं तेच आहे, काका," मी म्हटलं. "नवा आहे तो फक्त रंग. हात लावून बघा, अजून बोटाला लागतोय."