लाडाचं नाव

मागच्या रांगेतून "ए काळ्या" अशी हाक गेली की मावशी मान वळवायची, चष्मा कपाळावर सरकवायची आणि विचारायची, "त्याका नाव नाय काय?"

फुटबॉलची मॅच बघायला जाणाऱ्यांनो, असल्या हाका तुम्हीही ऐकल्या असतील. पण शेजारी अशी बाई बसलेली असेलच, असं नाही. मावशी परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. राहायला डिलाईल रोडला, मूळची मालवणकडची. नवरा आमच्या क्लबातून खेळायचा. तो गेला, पण हिने मैदान सोडलं नाही. ड्युटी संपली की साडीवरूनच क्लबचा निळा टी-शर्ट चढवायची आणि यायची. ऑफसाइड तिला कधीच कळला नाही. "रेफरीक इचार, माका नको," म्हणायची.

आमचा स्ट्रायकर एमेका नायजेरियाचा. त्याच्या गोलांवर क्लब वरच्या डिव्हिजनमध्ये टिकला होता. आणि आमची पोरं, पोरं कसली, चाळिशीचे बाप्ये, त्याचं कौतुक करतानाही "काळ्या" म्हणायचे. मावशीने हटकलं की दात काढायचे.

"लाडाने म्हणतो गं मावशी. आपलाच आहे तो."

"लाड घराक जावन तुझ्या झिलाचे कर. ह्याका नावान हाक मार."

एका सेमीफायनलला तर कहर झाला. आमच्याच ढोलवाल्यांनी नवा ठेका बसवला. एमेकाच्या पायात बॉल आला की ढोल वाजणार, आणि ढोलावर माकडाचे आवाज. हसत होते मेले. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी घसा फोडून ओरडलो, पण ढोलापुढे कोण ऐकतो? मावशी ओरडली नाही. हाफटाइमला ढोल उभा करून ठेवला होता, ती पायऱ्या उतरून गेली आणि चक्क त्याच्यावर बसली.

"मावशी ऊठ, ढोलाचं पान फाटेल."

"फाटांदे. आदी तेचा नाव घेवा."

"अगं, मॅच चालू होतेय."

"होवंदे. माझी ड्युटी संपली."

शेवटी एकाने तोंड वाकडं करून "एमेका" म्हटलं. मग दुसऱ्याने. तरी ती उठली नाही, अख्खा सेकंड हाफ तिने ढोलावर बसून पाहिला. मॅच संपल्यावर एमेका कठड्यापाशी आला आणि "थँक यू, मावशी" म्हणाला. ती लाजली.

दुसऱ्या दिवशी कमिटीने बोलावलं. कोणाला? मावशीला. बाईमाणसाने तमाशा केला म्हणून. ढोलवाल्यांना चकार शब्द नाही. आमच्या गेटवर "आपण सारे एक" असा फलक आहे. तो बघितला की अजून माझं डोकं फिरतं.

पुढच्या सीझनला एमेका दादरच्या एका क्लबात गेला. का गेला, असं आमच्याकडे अजून विचारतात. धन्य आहे.

मग तो आमच्याविरुद्ध खेळायला आला. त्याने पहिला बॉल घेतला आणि मागून तीच हाक आली. तेच गळे, तोच शब्द, फक्त आता पुढे आईवरून शिव्या आणि "जा परत आफ्रिकेला". "आपलाच आहे तो" म्हणणारा कठड्यावरून थुंकला. इतकी वर्षं लाड म्हणून जे विकत होते, ते हे होतं.

मावशीने या वेळी मागे पाहिलं नाही. पिशवी उचलली.

"बस ना मावशी," मी म्हटलं.

"माझ्या घोवाचो क्लब हो," ती म्हणाली. "हयसर बसूक माका लाज वाटता."

गोलपोस्टमागून चालत ती पलीकडे गेली आणि दादरवाल्यांच्या स्टँडमध्ये जाऊन बसली. आमचाच निळा टी-शर्ट घालून. आमच्यातले काही खिदळले. थोड्या वेळाने एमेकाने गोल मारला. तो सगळा स्टँड उभा राहून नाचला. त्यांच्यात एकटी मावशी बसून होती, तोंडाला पदर लावून. तिचा क्लब हरत होता.

त्यानंतर ती मैदानावर आली नाही. यंदा कमिटीला जुन्या चाहत्यांचे सत्कार करायची हौस आली. मी निरोप घेऊन तिच्या खोलीवर गेलो.

"शाल देतायत तुला."

"एमेकाची माफी मागल्यांनी काय?"

"नाही."

"मगे ती शाल त्येंकाच घाल," म्हणाली, आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.

शाल क्लबच्या कपाटात पडून आहे. ज्यांनी माफी मागायची, ते दर मॅचला वेळेवर येतात.