वेटिंगवरची पहिली

ग्रिसेल्दाच्या पोटात दुखत होतं, आणि ते दुखणं औषधाने जाणारं नव्हतं. चेलो मावशीच्या अंगणात मांस भाजल्याचा धूर निघत होता, शेजारीपाजारी ताटं धरून उभे होते, आणि मधोमध मावशीची यारेली कागदाची नर्सची टोपी घालून खिदळत होती. बावीस वर्षांची पोरगी. पहिल्यांदा अर्ज केला आणि नर्सिंगला नंबर लागला!

आणि ग्रिसेल्दा? वेटिंगवर. सलग चौथ्या वर्षी. यंदा फरक एवढाच की ती वेटिंगवर पहिली होती.

आमच्या कॉलेजात जागा मूठभर आणि अर्ज पोत्याने. म्हणून ते सोडत काढतात. किमान मार्क मिळाले की नाव सोडतीत. मग तुम्ही शरीरशास्त्रात पहिल्या या नाहीतर काठावर पास व्हा, चिठ्ठीला काय त्याचं? ती आंधळी. नशीब नावाची बया कोणाच्या दारात जाऊन बसेल, सांगता येत नाही. ग्रिसेल्दाच्या दारावरून मात्र ती दर वर्षी चपला वाजवत पुढे जायची.

बरं, ग्रिसेल्दा काही नुसती बसून नव्हती. लहानपणी आईचं बोट धरून मेक्सिकोतल्या मिचोआकानहून सीमा ओलांडून इकडे संत्र्यांच्या बागांत आली, एकोणिसाव्या वर्षी एफ्राइनशी लग्न केलं, दोन पोरं झाली. नोकरी म्हाताऱ्यांच्या आश्रमात. त्यांना आंघोळ घालायची, कुशीवर वळवायचं, भरवायचं, पुसायचं. तिथल्या नर्सबाई गोळ्यांची गाडी ढकलत यायच्या तेव्हा ती बाजूला सरायची, आणि मनात म्हणायची, एक दिवस ही गाडी मी ढकलीन. त्या एका दिवसासाठी तिने संध्याकाळच्या वर्गांना जाऊन शरीरशास्त्र केलं, जंतुशास्त्र केलं, एका विषयात आपटली, तो पुन्हा केला. पहिला अर्ज भरला त्याच आठवड्यात तिने पांढरे बूटसुद्धा घेऊन ठेवले होते. ते अजून खोक्यातच होते.

आणि त्यात ही मेख: कॉलेजात मार्कही शिळे होतात. ठरावीक वर्षं उलटली की ते धरत नाहीत, सगळे विषय पहिल्यापासून करायचे. ग्रिसेल्दाचे मार्क येत्या वसंतात शिळे होणार होते. म्हणजे यंदा नाही तर मग कधीच नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पुन्हा सगळं करायला ना अंगात रग उरली होती, ना घरात कोणाला धीर.

सगळ्यात झोंबणारी गोष्ट तर पुढेच. यारेलीला हाडांची नावं पाठ करून घेतली कोणी? ग्रिसेल्दाने! याच मावशीच्या ओट्याशी बसून, रश्शातली कोंबडीची तंगडी हातात धरून, "हे काय? आणि याच्या खालचं?" असं विचारून विचारून. पोरगी रडायला लागली की तिला गरम चॉकलेट करून पाजलं कोणी? हिनेच. आपल्याच हाताने घोटून, वाटून दुसऱ्याच्या ताटात वाढायचं आणि वर टाळ्या वाजवायच्या.

"काय गं ग्रिसे, धाकटीने बाजी मारली की!" शेजारची ओतिलिया पोळीत मांस भरता भरता म्हणाली.

"मारणारच. शिकवलंय कोणी?" ग्रिसेल्दा हसली. ते हसू ओठांच्या आत एक बोटभरही गेलं नाही.

"ताई, तुझाही लागणार बघ!" यारेली येऊन तिच्या गळ्यातच पडली. "कोणी ना कोणी गळतंच. मग आपण दोघी एकाच वर्गात! डबा तू आणायचास हां."

डबा मी आणायचा, ग्रिसेल्दा मनात म्हणाली. अर्थातच. तुझा नंबर लागला तरी डबा माझाच.

घरी जाताना गाडीत एफ्राइन म्हणाला, "तोंड जरा सरळ कर. मयताला जाऊन आल्यासारखी बसलीयस."

"तू गाडी चालव," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात नंबर लागलेल्यांच्या तपासण्या सुरू झाल्या. लसी, रक्त, आणि टीबीची चाचणी. हातावर कातडीत एक बारीक सुई टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी परत बोलावून बघतात, फुगलं की नाही. सगळे कागद मंगळवारी कॉलेजात पोहोचायला हवे होते. ज्याचे कागद अपुरे, त्याची जागा गेली, आणि ती वेटिंगवरच्या पहिलीला.

शुक्रवारी दुपारी यारेली आश्रमाच्या मागे आली. गाड्या लावायच्या जागेत तुतीचं एक झाड आहे, त्याखाली ग्रिसेल्दा आपला डबा खात होती. उन्हाने डांबर मऊ झालेलं, आणि पोरीने घातलेला लांब बाह्यांचा स्वेटर.

"वेड लागलंय का तुला? काढ तो."

यारेलीने इकडेतिकडे बघितलं आणि बाही वर केली. हातावर लिंबाएवढी लालबुंद सूज.

"ताई, मला टीबी झालाय." ती कुजबुजली. "आज दवाखान्यात दाखवायला बोलावलंय. मी नाही जाणार. त्यांनी बघितलं तर संपलंच सगळं. आजोबांना हेच झालं होतं ना? मी बर्फ लावला, काकडी लावली, जातच नाही."

ग्रिसेल्दाने तो हात बघितला आणि तिला सगळं कळलं. का नाही कळणार? नोकरीला लागली तेव्हा तिचाही हात असाच टम्म फुगला होता. तेव्हाची मोठी नर्स हसली होती. "मेक्सिकोत जन्मलीस ना? तिकडे बाळांना दंडावर लस टोचतात, तिची ही करामत. तुमच्याकडच्या निम्म्या बायकांचं असंच होतं. छातीचा फोटो काढ, साफ आला की विषय संपला." फोटो काढला, साफ आला, विषय संपला. एवढंच सांगायचं होतं. एका वाक्याचं काम.

पण ते वाक्य बाहेर आलंच नाही. कारण त्याच क्षणी तिला तो वर्ग दिसला, पुढची खुर्ची दिसली, खोक्यातले पांढरे बूट दिसले. सुंठीवाचून खोकला जात होता. तिला काहीच करायचं नव्हतं, फक्त गप्प बसायचं होतं.

आणि बाई गप्पही बसली नाही. त्याहून वाईट केलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "आज गेलीस तर आजच लिहून टाकतील. सोमवारपर्यंत बघ. उतरेलही."

"पण आजच बोलावलंय..."

"मग जा. मला कशाला विचारतेस?"

"नाही नाही. तू म्हणतेस तर थांबते." यारेलीने बाही खाली ओढली. ग्रिसेल्दाने, कोण जाणे का, तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तशी पोरगी दोन पावलं मागे सरली. "नको ताई. माझ्याजवळ नको येऊस. तुझ्या घरात मुलं आहेत."

शनिवारी घरात कोणी नसताना ग्रिसेल्दाने खोकं काढलं आणि बूट घालून बघितले. या खोलीतून त्या खोलीत चालून बघितलं. गाडी ढकलल्यासारखे हातसुद्धा पुढे धरले. मनातल्या मनात मांडे खायला पैसे पडत नाहीत. बूट जरा चावत होते, पण चावतात नवे असताना.

रविवारी चर्चमधून परतताना ती गोड पावांची पिशवी घेऊन मावशीकडे गेली. बहिणीची काळजी वाटली म्हणून, असं तिने एफ्राइनला सांगितलं. खरं म्हणजे खबर काढायला गेली होती. सूज तशीच आहे ना, पोरगी दवाखान्यात तर गेली नाही ना.

चेलो मावशी शेगडीशी उभी होती. डोळे सुजलेले. पातेल्यात पाणी खळखळत होतं आणि त्यात एक निळा एनॅमलचा कप, एक ताटली, एक चमचा उकळत होता. यारेलीच्या खोलीचं दार बंद, आणि दाराशी जमिनीवर भाताचं ताट झाकून ठेवलेलं.

"आमच्या बाबांचा कप असाच वेगळा ठेवला होता आईने," मावशी म्हणाली. "शेवटपर्यंत. बाबा गेल्यावर तो पुरला परसात. आता माझ्या पोरीचा ठेवतेय बघ, माझ्याच हाताने. दार उघडत नाही. मी ताट ठेवते, मागे सरते, मग ती घेते." तिने नाक पुसलं. "पण ती म्हणाली, ताईने थांबायला सांगितलंय. म्हटलं, चला, घरात एक तरी जाणती आहे. तू नसतीस तर मी काय केलं असतं गं?"

ग्रिसेल्दाने पावांची पिशवी ओट्यावर ठेवली. पातेल्यात तो कप टणटण वाजत होता. तिला एकदम भयंकर राग आला. कोणाचा, ते विचारू नका. राग आला की माणूस पत्ता बघत नाही. ती गेली आणि दार दणादण वाजवायला लागली.

"यारे! दार उघड! उघड म्हणते ना! कसला टीबी नि कसलं काय! गाढवे, काही झालेलं नाही तुला!"

दार फटभर उघडलं. आत विस्कटलेले केस, सुकलेलं तोंड.

"तिकडे जन्मलो ना आपण, त्या लहानपणीच्या लशीने फुगतं ते! छातीचा फोटो काढायचा, झालं! आपल्याकडच्या सगळ्यांचं होतं!"

"तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस," यारेली म्हणाली.

"बरं वाटावं म्हणून?" ग्रिसेल्दाने रविवारच्या झग्याची बाही खांद्यापर्यंत खेचली. दंडावर तोच वण होता, पावलीएवढा, गोल, खोलगट. "हे बघ! तुझ्या दंडावर आहे तोच! माझाही हात फुगला होता, तुझ्याहून मोठा! फोटो काढला, साफ निघाला, चौदा वर्षं नोकरी करतेय!"

यारेलीने वण बघितला. मग ताईच्या तोंडाकडे बघितलं.

"तुझाही फुगला होता?"

"सांगतेय काय मग!"

"कधी?"

आणि तेव्हा कुठे ग्रिसेल्दाच्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो ते. तिने बाही खाली केली.

"उद्या सकाळी तयार राहा," ती म्हणाली. "मी नेते दवाखान्यात."

सोमवारी नेलं तिने. आणि बाईचं मन एकदम गंगेसारखं झालं, असं कोणी समजू नका. फोटोच्या खोलीबाहेर बसली असताना तिच्या मनात आलंच, निघू दे एखादा डाग. छोटासा का होईना. मग तिने घाईघाईने छातीवर क्रुसाची खूण केली आणि जीभ चावली. डाग निघाला नाही. डॉक्टरने हात बघितला, फोटो बघितला, कागदावर सही ठोकली. मंगळवारी कागद कॉलेजात पोहोचले.

गुरुवारी नव्या मुलांच्या ओळखीचा पहिला वर्ग होता. आमच्या कॉलेजात अशी रीत आहे, की वेटिंगवरच्यांनाही त्या दिवशी बोलावतात आणि मागच्या रांगेत बसवतात. आठला दार लावायचं. तोवर पुढची एखादी खुर्ची रिकामी राहिली, तर मागचा पहिला माणूस उठून तिथे बसतो, आणि नर्स होतो. ग्रिसेल्दा पांढरे बूट घालून गेली होती.

एक खुर्ची रिकामी होती.

घड्याळाचा काटा सरकत होता आणि तिने पिशवी खांद्याला अडकवली, पाय टेकवून तयार बसली. पुढे यारेलीचा अंबाडा दिसत होता. ती एकदाही मागे वळली नाही. मास्तरीण दाराशी गेली, हात कडीवर ठेवला, आणि एक लाल दाढीचा जाडा गडी धापा टाकत आत घुसला. "टायर बसला! माफ करा, टायर बसला!" सगळा वर्ग हसला. तो जाऊन त्या खुर्चीत धपकन बसला.

"आलात त्याबद्दल आभार," मास्तरीण मागच्या रांगेला म्हणाली. "पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा."

त्या संध्याकाळी मावशीने सगळ्यांना कॉफीला बोलावलं. नाही जावं तर कारण काय सांगावं? ग्रिसेल्दा गेली. ओतिलिया होती, एफ्राइन होता, दालचिनीचा वास सुटला होता. यारेली स्वतः कॉफी देत होती. पाहुण्यांना चांगले चिनीमातीचे कप दिले. ग्रिसेल्दापुढे ठेवला तो निळा एनॅमलचा.

"अगं अगं, तो काय देतेस!" मावशी ओरडली. "तो फेकायला काढलाय मी! दुसरा दे तिला."

"राहू दे आई," यारेली म्हणाली. "ताईला चालतो. तिला पहिल्यापासून माहीत होतं, त्यात काही नाही म्हणून."

ओतिलिया हसली, तिला वाटलं कौतुक चाललंय. चेलो मावशी हसली नाही. साखरेचा चमचा हातात तसाच धरून ती आधी लेकीकडे बघत राहिली, मग भाचीकडे.

ग्रिसेल्दाने कप दोन्ही हातांनी उचलला. कॉफी चटका बसेल इतकी गरम होती. मध्ये कुठेही न थांबता ती तळापर्यंत प्यायली.